पाव फेरा

ही चावी कुठल्याच खिशात मावत नाही.
छातीइतकी उंच, वर आडवा दांडा,
खाली फुटपाथच्या पोटात शिरणारं लोखंडी तोंड.
ऑक्टोबरात हिनेच मी
व्हर्नेल टिब्ज यांच्या घराचं पाणी तोडलं.
पाव फेरा, उजवीकडे.
एवढंच लागतं.
मग झाकणाशी निळ्या रंगाचा एक फवारा,
पुढच्या माणसाला शोधत बसायला नको म्हणून.

पुढचा माणूस मीच निघालो.
फेब्रुवारी, टोलेडो शहर, नदी गोठून पांढरीफटक,
आणि हातात उलटा हुकूम:
अर्ज मंजूर. थकबाकी सरकारी मदतीतून जमा.
पाणी सुरू करावे.

झाकण उघडेना.
बर्फाने ते असं धरलेलं
की सावकारानेही शिकावं.
हातोडी चालवली, शिव्या घातल्या.
दारात त्या उभ्या, दोन स्वेटर, डोक्याला फडकं.
"गरम पाणी ओत ना," म्हणाल्या.
मी त्यांच्याकडे पाहिलं.
त्यांनी माझ्याकडे.
आधी हसल्या त्याच.
मग कुंपणापलीकडे हाक मारली, "इलोना! किटली!"

शेजारची हंगेरियन म्हातारी आली,
सपाता घासत, बर्फावरून,
हिवाळाभर रोज संध्याकाळी यायची तशीच.
त्याआधी, थंडी पडेपर्यंत, कुंपणावरून हिरवी नळी होती.
ती मी नोव्हेंबरातच पाहिली होती.
आमच्या वहीत अशा नळीसाठी वेगळा रकाना आहे.
माझं पेन चालत नव्हतं,
असं मी साहेबाला सांगितलं.
पेन चांगलं चालत होतं.

वाफ उठली. झाकण करकरलं.
तेवढ्यात त्या अर्जाचं सांगू लागल्या:
आठ पानं, ग्रंथालयातल्या मुलीने भरून दिली,
पेन्शनचा कागद, घराचा कागद,
नवरा गेल्याचा कागद,
आणि शेवटी: पाण्याच्या चालू बिलाची प्रत जोडा.
"पाणीच चालू नाही तर बिल कसं चालू असेल, मी विचारलं.
पोरगी बिचारी खाली बघायला लागली."

"आणि पैसे मी पाहिलेसुद्धा नाहीत हं.
चार नंबरच्या खिडकीतून निघाले
ते सात नंबरच्या खिडकीत गेले.
तीच इमारत, तोच जिना.
लोक म्हणतात, व्हर्नेलला सरकारने पैसे दिले.
माझ्या बोटाला ओलसुद्धा लागली नाही."
मग जरा थांबून,
"तक्रार नाही. पत्र आलं त्या रात्री
मी सलग सहा तास झोपले."

पाव फेरा, डावीकडे.
जमिनीखाली कुणीतरी घसा खाकरला.

स्वयंपाकघरातला नळ आधी नुसती हवा ओकला,
मग गंज, कडक चहाच्या रंगाचा.
"पाच मिनिटं वाहू द्या," मी म्हटलं,
"नितळ येईपर्यंत. आमच्या पुस्तकात लिहिलंय."
त्यांनी नळाखाली पातेलं धरलं.
पातेल्यानंतर बादली,
बादलीनंतर केकचं भांडं, कुंडी, फुलदाणी.
एक थेंब वाया जाऊ दिला नाही.
"संडासात ओतायला चालेल," म्हणाल्या,
आणि मागे न वळता,
"या पाच मिनिटांचं बिल कुठल्या खिडकीत?"

हुकुमाच्या तळाशी बारीक अक्षरात एक तारीख होती.
मदत तिथपर्यंतच.
तारीख कालची.

मी काही बोललो नाही.
तळघरात उतरलो, आकडा लिहायला.
काचेखाली तो लाल तिकोना
भिंगरीसारखा फिरत होता,
चार महिने उपाशी, आता घासामागून घास.
वरून हाक आली, "नितळ झालं!"
आणि तो जागच्या जागी थांबला.

पेन काढलं. आकडा लिहिला.
इलोनाची किटली वर ओट्यावर राहिली होती, रिकामी.
मी जिन्याकडे वळणार,
तोच तिकोना हलला.
पुन्हा फिरला, थोडाच,
एका किटलीपुरता.
मी आकडा खोडला नाही.